रूट कॅनल सांगितलंय? पर्याय कसे तपासायचे

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, ‘रूट कॅनल करावं लागेल.’ म्हणजे दाताच्या आतली नस काढून तिची नलिका साफ करून भरायची. त्यावर पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : दुसरं काही नाही का करता येणार? दातांची डॉक्टर म्हणून हा प्रश्न मी रोज ऐकते आणि तो विचारलाच पाहिजे असं माझं मत आहे. कारण कधीकधी खरंच दुसरं काही करता येतं. नुसत्या फिलिंगवर भागतं, किंवा नसेचा वरचा थोडा भाग काढून बाकीची नस वाचवता येते. कधी दाढ काढून टाकणंच शहाणपणाचं असतं. आणि कधी मात्र रूट कॅनल सोडून जे काही सुचवलं जाईल तो निव्वळ वेळकाढूपणा असतो.

यातलं तुमच्या दाताला काय लागू पडतं, ते दोन गोष्टींवर ठरतं : आतली नस कोणत्या अवस्थेत आहे आणि दाताचा किती भाग शिल्लक आहे. ही दोन उत्तरं हातात नसताना पर्यायांची यादी घेऊन बसलात तर गोंधळच वाढेल. म्हणून क्रमाने जाऊ.

पहिली पायरी : निदान नावानिशी समजून घ्या

ज्याला आपण दाताची नस म्हणतो तिथे मज्जातंतू असतातच, शिवाय रक्तवाहिन्या आणि जिवंत पेशीही असतात. डॉक्टर या सगळ्याला मिळून पल्प म्हणतात. किडीतले जंतू जसजसे आत सरकतात तसा हा पल्प सुजायला लागतो. आता बोटाला लागलं तर बोट सुजतं, पसरतं आणि काही दिवसांत उतरतं; पल्पला तशी जागाच नाही. चारी बाजूंनी दाताच्या कडक भिंती आणि रक्त यायला मुळाच्या टोकाशी एक बारीकसं छिद्र. सूज वाढली की आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा कोंडतो आणि नस मरायला लागते.

उपचार ठरवण्यासाठी या प्रवासाचे ढोबळमानाने तीन टप्पे मानले जातात.

पहिल्या टप्प्यात नस हळवी झालेली असते, पण बरी होऊ शकते. याला रिव्हर्सिबल पल्पायटिस म्हणतात. गार पाणी किंवा गोड लागलं की सणक जाते आणि काही सेकंदांत थांबते. मधल्या वेळात दात शांत असतो.

दुसऱ्या टप्प्यात सूज नसेला पेलवण्यापलीकडे गेलेली असते. याचं नाव इररिव्हर्सिबल पल्पायटिस. गार लागल्यावर सुरू झालेली कळ अर्धा मिनिट, कधी बरीच मिनिटं रेंगाळते. काहीही कारण नसताना ठणका लागतो. रात्री आडवं झालं की वाढतो, झोपेतून उठवतो. गरम चहाने कळ येते आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली की बरं वाटतं, ही तर या अवस्थेची अगदी ओळखीची खूण. नेमका कोणता दात दुखतोय हेही पुष्कळदा सांगता येत नाही. वरचा की खालचा, इथपर्यंत घोळ होतो.

तिसऱ्या टप्प्यात नस मेलेली असते. याला नेक्रोसिस म्हणतात. गार-गरम काहीच कळत नाही आणि दुखणंही अजिबात नसू शकतं. पुढे जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरले की चावताना दात दुखतो, थोडा वर आल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुळी येते. ‘चार दिवस खूप ठणकली, मग आपोआप थांबली, बरी झाली’ असं सांगणारे पेशंट नेहमी भेटतात. दुखणं असं अचानक थांबलं असेल तर बहुतेक वेळा नस मेलेली असते, आणि त्या शांततेत आत संसर्ग पसरत राहतो.

हे टप्पे ओळखायला नुसता एक्स-रे पुरत नाही. कीड किती खोल गेली, मुळं कशी आहेत, भोवतालचं हाड कसं आहे हे एक्स-रेत दिसतं. नस जिवंत आहे की नाही हे त्यात दिसत नाही. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसायची तर तिथल्या हाडातला बराचसा खनिज भाग आधी झिजावा लागतो, म्हणून संसर्ग नुकता सुरू झाला असेल तर एक्स-रे स्वच्छही येऊ शकतो.

त्यासाठी गार चाचणी करतात. कापसाच्या छोट्या बोळ्यावर अतिथंड स्प्रे मारला की त्यावर पांढरं हिम धरतं. तो बोळा आधी शेजारच्या निरोगी दाताला टेकवतात, म्हणजे तुमच्या तोंडात नेहमीची सणक कशी असते ते दोघांनाही कळतं. मग संशयित दाताला. लागलं की हात वर करायचा आणि थांबलं की खाली घ्यायचा. बोळा काढल्यावर हात किती वेळ वर राहतो, यावर निम्मं निदान ठरतं. याशिवाय आरशाच्या दांड्याने दातावर हलकेच ठोकून बघतात, हिरडीची खोली मोजतात, तड्याचा संशय असेल तर एकेका कंगोऱ्यावर छोटी पट्टी चावायला देतात. चावून सोडताना चमक आली तर दाताला तडा असण्याची शक्यता वाढते. यातलं काहीच न करता फक्त एक्स-रेवरून रूट कॅनल सांगितलं असेल, तर ‘गार चाचणी करून बघू या का?’ असं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

दुखणं दाताचंच आहे ना, याचीही एकदा खातरजमा व्हायला हवी. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला अगदी लागून असतात. सर्दीनंतर एका बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील, खाली वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर दोष सायनसचा असू शकतो. हिरडीत पू झाला असेल तर उपचार हिरडीचा करायचा असतो. रात्री दात खाण्याच्या सवयीने जबड्याचे स्नायू दुखतात आणि ते दुखणं दाढेत जाणवतं. चेहऱ्यावर विजेसारख्या झटक्यांनी येणारी कळ ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दुखण्याची, असू शकते. आणि चालताना किंवा जिना चढताना खालच्या जबड्यात दुखून बसल्यावर थांबत असेल, सोबत छातीत दडपण किंवा दम लागत असेल, तर दातांच्या दवाखान्यात न जाता थेट इस्पितळ गाठा. ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

दुसरी पायरी : दात उभा राहील का ते बघा

नसेची चर्चा करताना हा प्रश्न हमखास मागे पडतो. रूट कॅनल आतून उत्तम झालं, पण वर कॅप धरायला दातच उरला नाही, तर सगळी मेहनत फुकट. कॅप पक्की बसायची तर हिरडीच्या वर दाताची निरोगी भिंत साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंचीची आणि शक्य तितकी चहूबाजूंनी असावी लागते. तेवढी नसेल तर हिरडी किंवा हाड थोडं खाली घेऊन, नाहीतर दात हळूहळू वर ओढून ती मिळवता येते का, हे डॉक्टर बघतात. तेही जमण्यासारखं नसेल तर दात काढण्याचा सल्ला प्रामाणिक समजावा.

मुळाला उभी चीर गेली असेल तर बहुतेक वेळा दात वाचत नाही. हिरडी सगळीकडे ठीक आणि एकाच ठिकाणी अरुंद, खोल खड्डा लागला की डॉक्टरांना हा संशय येतो. हिरड्यांच्या आजाराने हाड झिजून दात हलायला लागला असेल, तर तिथेही रूट कॅनल करण्याआधी दहादा विचार करावा.

तिसरी पायरी : नस जिवंत असेल तर वाचवण्याचा विचार आधी

खरे पर्याय इथे आहेत. दातांच्या शास्त्रात गेल्या काही वर्षांत मोठा बदल झालाय तोही इथेच, पण पेशंटपर्यंत त्याची माहिती फारच कमी पोहोचते.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे कीड काढून फिलिंग. पूर्वी शिकवण अशी होती की किडलेला शेवटचा कणही खरवडून काढायचा, मग नस उघडी पडली तरी चालेल. आता खोल किडीत तसं करत नाहीत. कडेच्या भिंती पूर्ण स्वच्छ करतात, म्हणजे फिलिंग घट्ट चिकटतं; आणि नसेच्या अगदी डोक्यावरचा मऊ थर मुद्दाम तसाच ठेवून वरून दात हवाबंद करतात. बाहेरून खाद्य मिळेनासं झालं की आत कोंडलेले जंतू निष्प्रभ होत जातात आणि नस आतल्या बाजूने नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कडक थर, रचून स्वतःचं रक्षण करते. रिव्हर्सिबल पल्पायटिस असलेल्या दाताला एवढं पुष्कळदा पुरतं. एक्स-रेत कीड ‘नसेपर्यंत गेलेली’ दिसली म्हणून रूट कॅनल लागेलच असं नाही, ते याचमुळे.

नस बरी होऊ शकते हा विश्वास आला कुठून, ते सांगण्यासारखं आहे. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून नस उघडी ठेवली. साध्या उंदरांची नस सडली. पण जन्मापासून जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांची नस, तोंडात अन्न अडकत असूनही, जगली आणि तिने त्या भोकावर नवा थर चढवला. म्हणजे नस मरते ती उघडी पडल्यामुळे नव्हे, जंतूंमुळे. पुढची सगळी धडपड मग जंतूंना बाहेर कसं ठेवायचं याचीच.

कीड काढताना नस टाचणीच्या टोकाएवढी उघडी पडली तर तिच्यावर औषधी सिमेंट ठेवून दात बंद करता येतो. याला पल्प कॅपिंग म्हणतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड या कामासाठी १९२० च्या दशकापासून वापरात आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए हे सिमेंट आणलं आणि त्यानंतर त्याच जातीची कॅल्शियम सिलिकेटची आणखी सिमेंटं आली. ती ओलसर जागेतही नीट घट्ट होतात, फटी सोडत नाहीत आणि नसेला मानवतात. म्हणून आज यांनाच पसंती आहे.

त्यापुढची पायरी पल्पोटॉमीची. दाताच्या वरच्या भागातली सुजलेली नस काढायची आणि मुळांतली निरोगी नस तशीच जिवंत ठेवायची. मिओमिर त्स्वेक यांनी १९७८ मध्ये पडून तुटलेल्या कोवळ्या दातांवर नसेचा फक्त वरचा थोडा भाग काढून चांगले निकाल दाखवले. बरीच वर्षं हा मुलांचाच उपचार समजला जायचा. आता मोठ्यांच्या, पूर्ण वाढ झालेल्या दातांतही तो करतात, आणि विशेष म्हणजे रात्रीचा ठणका असलेल्या काही दातांतही. युरोपातल्या एंडोडॉन्टिक, म्हणजे रूट कॅनलच्या, तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतल्या संघटनेने २०२१ मध्ये जिवंत नस वाचवण्याच्या उपचारांना पाठिंबा देणारी भूमिका मांडली आहे.

प्रत्यक्षात निर्णय होतो तो दात उघडल्यावर. दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावून लाळ दूर ठेवलेली असते. वरची नस काढली की मुळांच्या तोंडाशी लाल ठिपके दिसतात आणि त्यातून रक्त येतं. त्यावर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवामध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवून पाच-दहा मिनिटं थांबायचं. बोळा उचलल्यावर रक्त थांबलेलं असेल आणि खालची नस गुलाबी, एकसंध दिसत असेल तर सिमेंट भरून दात त्याच बैठकीत बंद करता येतो. रक्त थांबतच नसेल तर सूज मुळांत उतरली आहे असं समजून रूट कॅनलकडे वळावं लागतं. म्हणून हा पर्याय निवडताना ‘आत बघून ठरवू, गरज पडली तर रूट कॅनल करू’ अशी संमती आधीच दिलेली बरी.

मर्यादाही सांगायला हव्यात. मोठ्यांच्या दातातल्या पल्पोटॉमीचे एक-दोन वर्षांपर्यंतचे निकाल चांगले आहेत, पण रूट कॅनलमागे जितक्या वर्षांचा पुरावा आहे तितका तिच्यामागे अजून जमलेला नाही. कॅपसाठी मुळात खिळा बसवावा लागणार असेल इतका दात तुटला असेल, तर ती उपयोगाची नाही. रबर डॅम, चांगलं सिमेंट आणि या कामाचा सराव नसलेल्या ठिकाणी ती करून घेऊ नये. तुमचे डॉक्टर ‘मी हे करत नाही’ म्हणाले तर त्यांना दोष न देता, रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोडॉन्टिस्टकडे, चिठ्ठी मागा.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारं औषध आहे, ड्रिल न लावता वापरता येतं. किडलेला भाग त्याने काळा पडतो. वयस्कर माणसांत किंवा खूप लहान मुलांत ते फार उपयोगी, मात्र नस दुखावण्याच्या आधीच्या किडीसाठी. ठणकणाऱ्या दाढेवर त्याचा काही इलाज चालत नाही.

चौथी पायरी : नस मेली असेल तर दोनच वाटा

रूट कॅनल करून दात ठेवायचा, नाहीतर दात काढायचा. तिसरी वाट म्हणून लोक जे करतात ते म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स. मेलेल्या नसेत रक्त पोहोचत नाही, त्यामुळे रक्तातून जाणारं औषधही पोहोचत नाही. गोळ्यांनी सभोवतालची सूज काही दिवस उतरते, जंतूंचं ठाणं दाताच्या आत तसंच राहतं आणि दुखणं परत येतं. ताप किंवा पसरत चाललेली सूज नसेल, प्रकृती धडधाकट असेल, तर दातदुखीसाठी अँटिबायोटिक देऊ नये, असंच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

रूट कॅनलची भीती पुष्कळांना वाटते, म्हणून त्यात काय होतं ते थोडक्यात सांगते. भूल देऊन आतली नस किंवा तिचे अवशेष काढतात, बारीक फाइल्सनी नलिका साफ करतात, जंतुनाशक द्रवाने पुन्हा पुन्हा धुतात, गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात आणि वर दात बंद करतात. फार ठणकणाऱ्या खालच्या दाढेत नेहमीचं भुलीचं इंजेक्शन कधीकधी पुरेसं लागू होत नाही, हे खरं आहे. त्यावर जादा इंजेक्शनं असतात. दुखत असेल तर हात वर करा, सहन करत बसू नका. नीट केलेल्या रूट कॅनलनंतर आठ-दहा वर्षांनीही दहापैकी आठ-नऊ दात तोंडात टिकून असतात.

एक कळकळीची विनंती. पहिल्या बैठकीत दुखणं थांबतं म्हणून पुढच्या बैठकींना जाणं टाळू नका आणि दाढेवर कॅप बसवणं पुढे ढकलू नका. वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिरपायला लागतं, जंतू परत आत जातात, आणि आतून पोकळ झालेली दाढ एखाद्या दिवशी उभी चिरते. दात गमावण्याचं हे पूर्णपणे टाळता येण्यासारखं कारण आहे.

पाचवी पायरी : काढायचा म्हटलं तर पुढचाही हिशोब मांडा

दात काढला की दुखणं संपतं, पण उपचार संपतोच असं नाही. रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू खाली किंवा वर सरकतो, जबड्याचं हाड तिथे झिजतं. म्हणून ‘काढणं’ या पर्यायाची तुलना रूट कॅनलशी करताना त्या जागी पुढे काय बसवणार, हे धरूनच करा.

अक्कलदाढ असेल तर प्रश्न सोपा आहे. तिचा चावण्यात फारसा वाटा नसतो, मुळं वाकडीतिकडी असतात, तिथे पोहोचणं अवघड. काढणंच बहुधा योग्य. अगदी शेवटची दाढ गेली आणि बाकीचे दात जुळून चावत असतील, तर जागा रिकामी ठेवूनही निभतं. नेदरलँड्समधले दंततज्ज्ञ कायसर यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की मागच्या दाढा नसतानाही पुष्कळ माणसं समाधानाने चावू शकतात. पुढच्या दाताबद्दल किंवा पहिल्या मोठ्या दाढेबद्दल मात्र असं सहज म्हणता येत नाही.

जागा भरायचे तीन मार्ग आहेत. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला नकली दात; त्यासाठी दोन्ही शेजारच्या दातांचा वरचा थर घासावा लागतो. ते दात आधीच मोठी फिलिंग असलेले असतील तर ठीक, पण निरोगी असतील तर मला जिवावर येतं. काढता-घालता येणारी छोटी कवळी सगळ्यात सोपी, पण सवय व्हायला वेळ लागतो. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसात बसवला. हाड त्याला घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह त्याच्या वाइटावर असतात, आणि त्याच्याभोवतीही हिरडीचा संसर्ग होऊन हाड झिजू शकतं. इम्प्लांट ही गेलेल्या दाताची उत्तम भरपाई आहे. वाचण्याजोगा दात काढून त्या जागी इम्प्लांट बसवण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आधीच रूट कॅनल झालेला दात परत दुखत असेल तर तोही लगेच काढावा लागत नाही. नलिका उघडून पुन्हा साफ करता येतात. ते शक्य नसेल तर हिरडी बाजूला करून मुळाचं टोक कापतात आणि उलट्या बाजूने बंद करतात.

मुलं असतील तर

दुधाचा दात पडणारच आहे म्हणून सोडून देऊ नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालच्या पक्क्या दातांसाठी जागा राखतात. त्यांच्यात पल्पोटॉमी करून वर स्टीलची कॅप बसवणं हा जुना, खात्रीचा उपचार आहे.

साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ पक्की असते. कोणताही दात न पडता येते, त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. तिचं मूळ पूर्ण व्हायला आणखी साधारण तीन वर्षं लागतात आणि ते काम आतली नस करते. म्हणून या वयात नस वाचवण्यासाठी जिवाचं रान करावं. ती मेली तर मुळाच्या भिंती कागदासारख्या पातळ राहतात.

सहावी पायरी : तब्येतीची माहिती आधी सांगा

काही माणसांत पर्यायांचं पारडं सरळ रूट कॅनलकडे झुकतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी अलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब यांसारखी औषधं चालू असतील, किंवा जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरता सडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तरी काढण्यापेक्षा रूट कॅनल सोयीचं. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. हृदयात कृत्रिम झडप असेल तर उपचाराच्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागू शकतो. गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे. संसर्ग तसाच अंगावर काढणं जास्त धोक्याचं.

ऐकीव उपायांबद्दल

लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने ठणका थोडा वेळ दबतो, दवाखाना उघडेपर्यंत चालेल. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. तेलाच्या गुळण्यांनी तोंड ताजं वाटेल, पण दाताच्या आत कोंडलेल्या जंतूंपर्यंत त्या पोहोचत नाहीत. रूट कॅनल केलेल्या दातामुळे कर्करोग किंवा हृदयरोग होतो, हा दावा शंभर वर्षं जुना आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर यांच्या माँट्रियलमधल्या भाषणाने आणि १९२० च्या दशकात वेस्टन प्राइस यांच्या प्रयोगांनी त्याला बळ मिळालं, आणि कित्येक माणसांचे चांगले दात उगाच उपटले गेले. ते प्रयोग सदोष होते आणि पुढच्या संशोधनात ते निष्कर्ष टिकले नाहीत. या भीतीपोटी कुणी दात काढायला निघालं असेल तर त्याला जरूर थांबवा.

सातवी पायरी : खुर्चीत बसून विचारायचे प्रश्न

माझ्या दाताचं निदान नेमकं काय? गार चाचणीत काय आलं? नस जिवंत असेल तर पल्प कॅपिंग किंवा पल्पोटॉमी जमेल का, जमणार नसेल तर का? रबर डॅम लावणार का? रूट कॅनलनंतर कॅप धरायला पुरेसा दात उरलाय का? दात काढला तर त्या जागी काय आणि कधी? काहीच केलं नाही तर पुढच्या काही महिन्यांत काय होईल? उत्तरं लिहून घ्या आणि एक्स-रेची प्रत मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर हीच कागदपत्रं घेऊन जा.

विचार करायला वेळ किती आहे, तेही निदानावरच. नुसती सणक असेल तर काही दिवस जाऊ द्यायला हरकत नाही, पण आजची फिलिंगची दाढ महिन्याभराने रूट कॅनलची होऊ शकते. रात्रीचा ठणका असेल तर दोन-चार दिवसांत निर्णय घ्या. तोवर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल सोबत घेतल्याने बऱ्यापैकी आराम पडतो. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. गालाची सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली पसरत असेल, तोंड उघडेनासं झालं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, ताप भरला असेल, तर त्याच घटकेला इस्पितळ. सकाळची वाट बघत घरी रात्र काढण्याचा प्रश्नच नाही.

नस वाचवली असेल तर पुढे

पहिले काही दिवस गार थोडं लागेल, हळूहळू कमी व्हायला हवं. वाढत गेलं, रात्री ठणका लागला किंवा हिरडीवर पुळी आली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. सगळं शांत असलं तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी करून घ्या, त्यानंतरही वर्षातून एकदा. पूर्ण पल्पोटॉमी झालेल्या दाताला गार लागत नाही, म्हणून तिथे एक्स-रेवरच भिस्त असते. जाताना उपचाराच्या दिवशीचा एक्स-रे सोबत न्या. मुळाच्या टोकाशी काही बदल झालाय का, हे जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.